पाणी सुटायचं बैठकीच्या वेळी

मावशी गेल्याचं कळलं तेव्हा बडबडी, लंबू आणि चष्मिस गच्चीवर तंबू कसा ठोकायचा यावरून भांडत होते. शेजारच्या बांधकामावरचा गवंडी सांगत धावत आला. गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत साचलेलं पाणी आणायला उतरताना बडबडीच्या मावशीचा पाय घसरला होता. आधी कळशी सापडली, मग ती.

बडबडी सुट्टीला मावशीकडेच आली होती. आठ दिवस ती एक शब्द बोलली नाही. नवव्या दिवशी एकदम म्हणाली, "मावशी खाणीवर गेलीच का? त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं की!"

"आलं होतं, पण दुपारी चारला," चष्मिस म्हणाली. "एरवी सकाळी सातला येतं."

"आणि चारला ती पाणी समितीच्या बैठकीत होती," लंबू म्हणाला. "माझी आईपण सभासद आहे. पण हंडे सोडून जाणार कशी? मावशी एकटीच बैठकीला गेली, म्हणून तिचं पाणी भरायचं राहिलं."

मावशीचं मागणं एकच होतं. खालच्या आळीला नळ द्या, तोवर खाणीला पायऱ्या आणि कठडा करा. पण निम्मे सभासद हजर नसले की विषय पुढच्या बैठकीवर जायचा.

तिघं समितीच्या फळ्यावरून बैठकांच्या तारखा उतरवून आले. काका, म्हणजे मावशीचे यजमान, पाणी सोडायचं काम करत. त्यांच्या वहीत रोजची वेळ होती.

"बैठक बारा तारखेला!"

"पाणी चारला!"

"बैठक तीसला!"

"पाणी चारला! अरे, दर वेळी!"

काका दारात उभे होते. "चिटणीस फोन करायचे. आज सकाळी नको, चारला सोड. मी सोडायचो," ते म्हणाले. "ती विचारायची, असं का? मी म्हणायचो, तुला काय करायचंय?" ते खाली बसले. बराच वेळ उठले नाहीत.

"मंगळवारी बैठक आहे," चष्मिस हळूच म्हणाली. "पुन्हा फोन येईल."

"येऊ दे!" बडबडी म्हणाली. "काका, तुम्ही चारलाच सोडा. आपण ओळखलंय हे चिटणिसांना कळता कामा नये."

मंगळवारी चारला नळांवर एकही बाई नव्हती. होती फक्त पोरं!

"लंबू, हंडा भरतोयस की अंघोळ करतोयस?"

"तू तुझी गळकी बादली बघ!"

तिकडे समितीतल्या सातही बायका कचेरीत शिरल्या. चिटणीस उठलेच. "अहो, तुम्ही इकडे कशा? नळाला पाणी आलंय ना!"

"पोरं भरतायत," लंबूची आई म्हणाली. "तुम्हाला बरं माहीत, पाणी कधी येतं ते!" तिनं काकांची वही टेबलावर ठेवली.

"योगायोग असेल..."

"अकरा वेळा?"

चिटणिसांना त्याच पैशांतून आधी वरच्या आळीच्या बागेत कारंजं हवं होतं. त्यांनी मान खाली घातली. सात हात वर झाले, मागोमाग दोन पुरुषांचेही. नळ, पायऱ्या, कठडा, सगळं मंजूर झालं. शिवाय पाणी सुटेल त्या वेळी बैठक घ्यायची नाही, असंही ठरलं.

समितीतल्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी मुलांच्या पाठीवर हात ठेवला. "शाबास! आम्हाला इतक्या दिवसांत दिसलं नाही, ते तुम्हाला दिसलं."

"मावशीला दिसलं होतं," बडबडी म्हणाली.



याला आता दोन महिने झाले. काम अजून सुरू झालेलं नाही. खालच्या आळीतल्या बायका त्याच उतारावरून खाणीत उतरतात.