खाडीतला शेवटचा बर्फ

समुद्रावर गोठलेल्या बर्फात वरून खालपर्यंत भोक पाडून काढलेल्या कांड्या आमच्या प्रयोगशाळेत येतात. शीतखोलीत त्या कापायच्या, वितळवायच्या, पाण्यातला खारटपणा मोजायचा, हे माझं काम. "फ्रीजमधल्या भाजीसारखी टिकशील तू," दादा चिडवायचा.

दादा संशोधन-जहाजावर मेकॅनिक. ज्या ध्रुवीय खाडीतल्या बर्फावरून पूर्वी बिनधास्त ट्रक जायचे, तिथेच तो दादाच्या पायाखाली फुटला. दादा सापडला नाही. आईने त्याच्याबद्दल बोलताना 'होता' असं कधीच म्हटलं नाही.

त्या खाडीतल्या कांड्या वर्षागणिक आखूड होत गेल्या. यंदाची जेमतेम वीतभर.

"ही शेवटची," सर म्हणाले. "तिथे आता नुसतं पाणी आहे. तुम्हाला जड जात असेल तर मी करतो."

"करते मी."

दुपारी शीतखोलीबाहेरच्या टेबलावर ती ट्रेमध्ये ठेवली. बर्फ वितळताना आतले हवेचे बुडबुडे फुटतात, बारीक तडतड होते. ती माझ्या कानाला सवयीची. पण ही तडतड लयीत होती. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. धावून आलेल्या माणसाने दम खावा तशी. मी पंखा बंद करून कान जवळ नेला.

गालाला हवा लागली. कोमट.

बर्फ परत शीतखोलीत ठेवला, तर आवाज थांबला. ती शांतता मला सोसवेना. सरांनी वेड्यात काढलं असतं, म्हणून आईला फोन केला. ती स्वेटर उलटा घालूनच आली. तुकडा पुन्हा टेबलावर ठेवला. आई बराच वेळ ऐकत राहिली.

"किती दमलाय गं."

"आई, हवा असते ती. आत अडकलेली."

"तेच म्हणतेय मी. अडकलाय."

"हे एवढंच उरलंय," मी ट्रे जवळ ओढला. "वितळलं की संपलं. गोठवून ठेवूया ना. निदान आहे असं तरी..."

"आपल्याला हवाय म्हणून त्याला आत ठेवायचं?"

तिने बर्फ दोन्ही हातांत घेतला. तळवे लालभडक झाले. मी अडवलं नाही.

श्वास जलद झाला.

मग एकच, लांब. खांद्यावरचं ओझं उतरवावं तसा.

मग नुसतं पाणी.

ते मी मोजलं. खारटपणा नेहमीइतकाच होता.

आम्ही निघालो. रस्त्यावर उन्हं कलली होती, दुकानांत गर्दी होती. वाहनं थांबली तशी रस्ता ओलांडायला मी आईचा उजवा हात धरला. ती कितीतरी दिवसांनी सावकाश, कुणासाठी तरी पावलं आवरत चालत होती.

"आई, पाय दुखतायत का?"

"नाही गं."

तिचा डावा हात अंगापासून जरा दूर होता. रिकामा. त्याची चारही बोटं, कुणी मुठीत धरावी तशी, एकमेकांवर घट्ट दाबली गेली होती, आणि नखांखालचं रक्त सरून ती पांढरीफटक पडली होती.