वापरून पाहिलं

प्रौढांना इंग्रजी शिकवणाऱ्या आम्हा दोघींचं एक ऑनलाइन कपाट होतं. कुठे ऐकण्यासारखं, खेळण्यासारखं काही सापडलं की त्याची लिंक तिथे टाकायची आणि टॅग लावायचे: नवशिके, ऐकणे, बोलणारे किती. शेवटचा टॅग ‘वापरून पाहिलं’. वर्गात स्वतः वापरल्याशिवाय तो लावायचा नाही, हा आमचा दंडक. त्यामुळे तो दिसला की मी आधी न ऐकताच वर्गात लावून मोकळी होत असे. पासवर्ड आम्हा दोघींकडेच होता.

माझ्या मैत्रिणीला सगळे ‘रेडिओ’ म्हणायचे. तिचे उच्चार इतके निर्दोष की विद्यार्थी तिच्या ओठांकडे बघत बसायचे. माझं गुपितही तिलाच ठाऊक होतं. रविवारी मी लेकीला घेऊन घर सोडणार होते. नवऱ्याच्या धाकात मला तिला वाढवायचं नव्हतं. हे मी स्टाफरूममध्ये, केटलीतलं पाणी उकळेपर्यंत, फक्त रेडिओला सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी कपाटात नवं काहीतरी दिसलं. ‘नवशिके, ऐकणे, बोलणारे दोन, वापरून पाहिलं.’ मी ते वर्गात लावलं.

आधी केटलीचा खटका ऐकू आला. मग आमच्या स्टाफरूमच्या खिडकीची सैल कडी वाजली. मग दोन बायका बोलू लागल्या. आम्ही बोललो होतो ते आपल्या भाषेत. इथे मात्र सोपं, सावकाश इंग्रजी होतं आणि आवाज आमचेच होते.

मी बंद करायला धावले, तोवर संपलंच. पडद्यावर प्रश्न उमटले. बाई कुठे जाणार आहे? सोबत कोण? कोणाला ठाऊक नाही?

वर्गाला चेव चढला. एरवी तोंडातून अवाक्षर न काढणारेही हात वर करत होते. पहिल्या बाकावर माझी मोठी नणंद होती. स्वतःच्या इंग्रजी बोलणाऱ्या सुनेपुढे अडायला नको म्हणून ती शिकायला यायची. ती माझ्याकडे बघत उभी राहिली.

“हर हजबंड डझ नॉट नो.”

वाक्यात एकही चूक नव्हती. सवयीने मी “छान” म्हणून गेले.

वर्ग सुटताच नणंद सगळ्यांच्या आधी बाहेर पडली. मी स्टाफरूम गाठली.

“केसानं गळा कापलास माझा!”

“मी? वेड लागलंय का तुला?”

“हा आवाज कोणाचा मग?”

मी तिला ऐकवलं. ती दचकली नाही. साखर न घातलेला चहा ढवळत शेवटपर्यंत ऐकत राहिली.

“यातलं मी काही टाकलेलं नाही गं, शप्पथ. तू घरी जा. उद्या बोलू.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. तिला तिथेच सोडून मी निघाले. तरी बसथांब्यावर उभी असताना वाटत राहिलं, शप्पथ घेतेय म्हणजे खरं असेल. इतक्या वर्षांची माया अशी एका दिवसात सुटत नाही.

फोन थरथरला. कपाटात नवं काही आलं होतं. ‘नवशिके, ऐकणे, बोलणारे एक, वापरून पाहिलं.’

केटली. कडी. चमचा कपावर आपटल्याचा आवाज. मग एकट्या रेडिओचा स्वर, फोनवर बोलताना असतो तसा. एकेक शब्द सुटा, स्वच्छ. ती निघाली आहे. होय, आत्ताच. मुलीला बाहेर सोडू नका. कुलूप बदला.

मी धावत सुटले.

घरात दिवा होता. दाराला नवं कुलूप बसवलेलं, त्याला अजून तेलाचा वास येत होता. किल्ली आत जाईना. लेकीला हाका मारल्या, बेल दाबली, दारावर मुठी आपटल्या. आत कोणी हललंही नाही.

पुन्हा फोन थरथरला.

‘नवशिके, उच्चार, म्हणणारे सगळे, वापरून पाहिलं.’

या वेळी आवाज माझा होता. अगदी शांत, वर्गात असतो तसा.

“प्लीज, ओपन द डोअर.”

पुढे शांतता. विद्यार्थ्यांनी मागोमाग म्हणावं म्हणून सोडतो तेवढी.

दाराआडून नणंदेने म्हटलं, अडखळत.

मग नवऱ्याने.

मग माझ्या लेकीने, बारीक आवाजात.

आणि मग चौथ्या कोणीतरी. तो उच्चार निर्दोष होता.