हळदीची चाल

रितेश मला पहिल्यांदा भेटला तो माझ्या लघुपटाची वाट लावताना! बासरीवाला तापाने आडवा झाला, म्हणून रेकॉर्डिंगला त्याने आपला बेंजोवाला मित्र पाठवला. पडद्यावर माझी आई, स्वतःच्याच भूमिकेत, मिरकरवाड्याच्या धक्क्यावर उभी होती... बाबांच्या होडीची वाट बघत. होडी परतणार नव्हती. आणि या गृहस्थाने त्यावर छेडली काय, तर हळदीत नाचायची चाल!

"अहो, थांबा! माझे बाबा गेले, त्या दिवसाचा सीन आहे हा."

"ठाऊक हाय. तुमच्या आईला ओळखलं मी. म्हणून तर..." त्याने मान खाली घातली. "त्या दिवशी तुमच्या शेजारी हळद होती ना? वाजवायची सुपारी आमचीच होती."

कुंपणापलीकडचा तो बेंजो सहा वर्षं माझ्या कानांतून गेला नव्हता. त्या वाजवणाऱ्यांना मी मनातल्या मनात किती शिव्या घातल्या होत्या! आणि त्यांतलाच एक भरल्या डोळ्यांनी माझ्यासमोर बसला होता.

"आमी थांबलेलो," तो म्हणाला. "पण तुमची आईच मांडवात आली. म्हणाली, पोरीची हळद हाय, बंद करू नका. आमचं आमी रडू."

घरी आई बांगडे साफ करत होती. मी विचारलं, तर मान वर न करता म्हणाली, "मग काय करायचं होतं? तिची हळद परत आली असती?"

मी ती चाल ठेवली. नीट बसवायच्या निमित्ताने रितेश महिनाभर येत राहिला. 'अहो'चं 'अरे' झालं, मनातल्या शिव्यांचंही मी त्याला सांगून टाकलं... आणि त्याला यायला उशीर झाला की मला करमेना.

माझ्या कॉलेजच्या हॉलमध्ये लघुपट दाखवला. धक्क्यावर एकटी आई, आणि तो नाचरा बेंजो. लोक आधी चुळबुळले, कुणी हसलंही. मग सगळा हॉल गप्प झाला. आमच्या पुढच्या रांगेत आईने पदर तोंडाला लावला. सहा वर्षांत पहिल्यांदा ती चारचौघांत रडत होती. मलाही आवरेना.

"अजून शिव्या घालतेस?" रितेशने हळूच विचारलं.

"नाही रे... एक मागू? ही चाल माझ्या हळदीत वाजवशील?"

त्याचा चेहरा उतरला. "वाजवीन की. पण... नवरा कोण?"

"येडा कुठला! नवऱ्यानेच वाजवायची."

आईने मागे न वळता डोळे पुसले आणि म्हणाली, "वाजव रे. आणि मधेच थांबू नको."