पिवळी चौकट

आमच्या चाचणीच्या शेडमध्ये पूर्वी सूतगिरणी होती. तुटलेले धागे जोडायला मी तिथं लागले, तेव्हा माझ्या डोक्यात एकही पांढरा केस नव्हता. गिरणी बंद पडली, यंत्रं भंगारात गेली आणि बऱ्याच वर्षांनी तिथं लहान ड्रोन बनवणारी कंपनी आली. ड्रोन भिंतींवर आपटू नयेत म्हणून चारही बाजूंनी जाळी टांगलेली असे. ती सारखी फाटायची. गाठी मारणारे हात त्यांना हवे होते, म्हणून मी पुन्हा त्याच छपराखाली आले.

माझी धाकटी लेक माझ्याआधी तिथं लागली होती. तिचं काम म्हणजे चालणं. वाटेत माणूस आला की ड्रोननं आपणहून थांबायचं किंवा वळसा घालायचा, हे त्याला जमतं की नाही ते पाहायला कोणीतरी त्याच्यासमोरून चालावं लागे. ड्रोनला जे दिसे ते पडद्यावर उमटे, आणि माणूस दिसला की त्याच्याभोवती पिवळी चौकट येई. लहानपणी पाय मोडल्यापासून धाकटी डावा पाय जरा ओढायची. त्यामुळे तिची चौकट चालताना मधूनमधून खाली बसायची. ती चौकट मी लांबूनही ओळखायचे.

"आई, एवढं टक लावून माझ्याकडे अजून कोणी बघितलं नाही," ती म्हणायची. "याच्याशीच लग्न लावून दे माझं."

"नको गं बाई. तुझे बाबा घोरायचे ते पुरे झालं, आता हा घोंघावणारा कोण ऐकणार?"

ड्रोन उचलणं, बॅटरी बदलणं हेही तीच करायची. ती जवळ गेली की ड्रोन अडून बसे आणि गिऱ्हाइकांना दाखवायचं चित्रीकरण बिघडे. गिऱ्हाइकं यायची होती. मालकांनी प्रोग्राम लिहिणाऱ्या इंजिनियरला बोलावलं. त्याला आम्ही सगळे चष्मेवाला म्हणायचो.

"हिची चाल त्याला शिकव, आणि ही दिसली तरी थांबू नको म्हणून सांग. घरचीच पोरगी आहे."

चष्मेवाल्यानं आढेवेढे घेतले, पण शेवटी केलं. त्या दिवसापासून पडद्यावर सगळ्यांना चौकट होती, धाकटीला नव्हती.

"बघ, यानंही तोंड फिरवलं," ती हसून म्हणाली.

पुढे सामान उचलणारा नवा ड्रोन तयार झाला. त्यात तोच प्रोग्राम जसाच्या तसा घातला गेला. धाकटी त्याच्यासमोरून चालली. तो थांबला नाही.

चौकशीला माणसं आली. मालकांनी डोळे टिपले. "पोरगी गुणी होती हो. पण जरा बघून चालायला हवं होतं." अहवालात तेच गेलं, की तिचाच निष्काळजीपणा. चष्मेवाला खाली मान घालून उभा होता.

मी आकांत केला नाही. माझ्या लेकीवरचा डाग मला पुसून हवा होता, आणि तोही मालकांच्या त्याच तोंडानं, त्याच माणसांसमोर. म्हणून मी काम सोडलं नाही. जाळी सांधत राहिले.

एका सकाळी मोकळ्या शेडमध्ये ड्रोन मधेच थांबला. समोर काही नव्हतं.

"धूळ बसली असेल," चष्मेवाला म्हणाला. त्यानं कॅमेरा पुसला. मग कॅमेराच बदलला. मग ड्रोन बदलला. तोही तिथंच थांबला.

पडद्यावर पिवळी चौकट होती. तिच्या आत फक्त मागची जाळी दिसत होती. मी आदल्या दिवशी मारलेल्या गाठीसुद्धा दिसत होत्या. चौकट हलली. चालू लागली. मधूनमधून खाली बसत होती.

चष्मेवाला पडद्यापासून मागे सरकला. "आजी, तुम्ही घरी जा."

"कशाला? माझं माणूस इथंच आहे."

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

मग गिऱ्हाइकं आली. ड्रोन उडाला, शेडच्या मध्यावर गेला आणि अडला. मालक संतापले. "काय आहे इथं? हवा!" म्हणत ते स्वतःच त्या जागी जाऊन उभे राहिले. मी पडद्याकडे पाहत होते. रिकामी चौकट बाजूला सरकली, मोठ्या माणसाला वाट द्यावी तशी. मालकांभोवती चौकट आलीच नाही.

ड्रोननं रिकाम्या जागेला व्यवस्थित वळसा घातला आणि तो मालकांच्या कपाळावर आदळला.

जखम भरली. पण त्यानंतर काचेचं आपोआप उघडणारं दार त्यांच्यासाठी उघडेना. हात खाली धरला तरी नळ वाहेना. व्हरांड्यातले आपोआप लागणारे दिवे त्यांच्या डोक्यावर विझलेलेच राहत. अंगणात त्यांची स्वतःची गाडी मागे येत होती. मांजर आडवं आलं तरी किंचाळणारी ती गाडी, ते मागे उभे असताना गप्प राहिली. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं म्हणून वाचले.

तेव्हापासून ते माझ्याबरोबर बाहेर पडू लागले. दार माझ्यासाठी उघडायचं. माझी बाही धरून ते रस्ता ओलांडायचे, एवढा मोठा माणूस.

"चूक कोणाची?" मी रोज विचारायचे.

"माझी, आजी."

"मग चौकशीवाल्यांना सांगा."

"उद्या सांगतो."

ते उद्या काही उजाडेना. आज संध्याकाळी निघताना मी सुई-दोरा पिशवीत भरला.

"उद्यापासून मी यायची नाही. आजही तुमचे तुम्ही या."

ते घाबरले. "आजी, मग मी रस्ता कसा ओलांडू?"

"जरा बघून चालायचं."

दार उघडलं. मी बाहेर आले. माझ्यामागे ते जरा जास्तच वेळ उघडं राहिलं आणि मालक पुढे सरकताच मिटलं. काचेवर त्यांच्या तळव्यांचा आवाज येत होता. मग कुठली तरी कडी हातानं काढल्याचा.

फाटकापासूनचे रस्त्यावरचे दिवे माणूस खाली आला की लागतात. एक माझ्यासाठी लागला. एक माझ्या जरासा मागे लागत होता, अडखळत.

त्याच्या मागे धावत्या बुटांचा आवाज होता, आणि पूर्ण अंधार.

वळणावरून गाडी आली. माझ्या बाजूनं ती मागच्या अंधारात गेली, तिचा वेग कमी झाला नाही.

माझा आणि माझ्या शेजारचा, असे दोनच दिवे लागलेले राहिले.