जड नायट्रोजन

अणुभारमापकाच्या पडद्यावरचा आकडा प्रभव कोरेने पुन्हा तपासला. यंत्र बिघडले असेल म्हणून त्याने पिण्याच्या पाण्याचा नमुना घालून पाहिला. त्याचे उत्तर नेहमीसारखेच आले. मग त्याने मेथीचे दुसरे कोवळे पान तोडून घातले. त्याही पानात जड नायट्रोजन होता, आणि तो तिथे असायला नको होता.

मंगळाच्या जमिनीखाली बांधलेल्या ‘आर्द्रा’ तळावर चार माणसे राहायला आली होती. आता तीन उरली होती. वामनराव सातपुते तळप्रमुख होते, तेरेजा डाबरे डॉक्टर होती, आणि हवा-पाण्याची सगळी यंत्रणा प्रभवकडे होती. चौथी गिरिजा, तळाची कृषितज्ज्ञ आणि प्रभवची बायको. एके दिवशी नाश्त्याच्या टेबलावर पेल्यात पाणी ओतता ओतता तिच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. डॉक्टर शेजारच्याच खुर्चीवर बसली होती, पण तिला काही करता आले नाही.

पृथ्वीवर घरात माणूस गेले की दार उघडे राहते. लोक येतात, शेजारचे कोणी पिठलं-भात घेऊन येते, आणि अगदीच असह्य झाले तर पायात चपला सरकवून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येता येते. इथे दाराबाहेर श्वास घेता येत नव्हता. परत नेणारे यान दोन्ही ग्रह पुन्हा जवळ आल्याशिवाय येणार नव्हते. प्रभव त्याच टेबलावर जेवत होता, त्याच अरुंद बोळातून तिच्या कृषिकक्षात जात होता आणि त्याच बोळातून परत येत होता. रडायलासुद्धा खोलीचे दार लावावे लागे, आणि दार लावले तरी पलीकडे ऐकू जाई.

तळ म्हणजे झाकण लावलेली बरणीच होती. घाम, मूत्र, उष्टे, गळलेले केस, काही म्हणून वाया जात नसे. सगळे गाळून, कुजवून पुन्हा रोपांना दिले जाई. मेलेल्या माणसाचा देहही मृदाकोष्ठात, म्हणजे जिथे जिवाणू सगळ्याची माती करतात त्या टाकीत, जावा असे ठरले होते. निघण्यापूर्वी चौघांनीही ते मान्य केले होते. रसद आणणारे यान उतरताना फुटले, तेव्हापासून तर खताच्या कणाकणाची ओढ होती, आणि वाफ्यांतली पाने पिवळी पडू लागली होती. तरी त्या दिवशी प्रभव कोष्ठाच्या दारात आडवा उभा राहिला.

“आमच्यात माणसाला मातीत बसवतात, साहेब. यंत्रात टाकत नाहीत.”

बाहेर मंगळाच्या मातीत पुरायला ग्रहशुचितेचा नियम आड येत होता. पृथ्वीवरचा एक जंतूही त्या मातीत जाता कामा नये, असा तो नियम. सातपुत्यांनी वाद घातला नाही. गिरिजाला तळाच्या टोकाच्या शीतकोष्ठात ठेवले गेले.

मेथीची कुंडी तिच्या प्रयोगाची होती. साध्या नायट्रोजनपेक्षा जड नायट्रोजनाच्या अणूत एक न्यूट्रॉन जास्त असतो. बाकी वागणे अगदी सारखे. रोपाला आणि माणसाच्या शरीराला त्यांतला फरक कळत नाही, भारमापकाला मात्र कळतो. म्हणून गिरिजाने तो खुणेसाठी स्वतःच्या अन्नातून घेतला होता. तिच्या खोलीतले सांडपाणी शुद्ध होऊन तिच्याच कुंडीला जाई आणि त्या कुंडीतली मेथी तीच खाई. माणसातून गेलेले माणसात किती परत येते, हे तिला मोजायचे होते. त्या काळात प्रभव तळाच्या दुसऱ्या टोकाला झोपत असे, आणि “बायकोने घराबाहेर काढलं” म्हणून सातपुते त्याला चिडवत. रसदयान फुटल्यावर प्रयोग थांबला, प्रभव खोलीत परतला आणि कुंडी स्वयंपाकघराच्या वाट्याला गेली.

ती गेल्यावर जुनी मेथी वाळली. प्रभवने ती उपटली, कुंडीतला भुसा खुणेचा अंशही उरणार नाही इतका धुतला आणि साठ्यातले नवे बी पेरले. खोलीतून त्या कुंडीकडे जाणाऱ्या नळीत आता एकट्या त्याचेच पाणी होते. म्हणजे नव्या पानांत गिरिजाची खूण यायला एकच वाट उरत होती.

तो स्वयंपाकघरात गेला. सातपुते डाळ धूत होते.

“साहेब, गिरिजाला मृदाकोष्ठात घातलंत?”

“काय बोलतोयस तू?”

“पानांत तिची खूण आलीय. माझ्या नकळत केलंत. खत कमी पडतंय म्हणून केलंत. निदान खोटं तरी बोलू नका!”

सातपुत्यांचे ओले हात तसेच राहिले. वयाने मोठा माणूस, पण क्षणभर त्यांचा चेहरा मार खाल्लेल्या मुलासारखा झाला. मग त्यांनी गळ्यातली किल्ली काढून ओट्यावर ठेवली.

“मी शपथ घेतली तरी तुझा विश्वास बसायचा नाही. जा, उघडून बघ.”

शीतकोष्ठ बंद केल्यापासून प्रभवने त्या दाराकडे पाहिलेही नव्हते. तेरेजा त्याच्याबरोबर गेली. दार उघडले तशी थंडी अंगावर आली. आत सोलापुरी चादरीत गुंडाळलेली गिरिजा होती. चादरीवर बारीक पांढरे दव गोठले होते. तेरेजाने चेहऱ्यावरची चादर थोडी सरकवली, प्रभवने पाहिले, आणि तिने ती पुन्हा नीट केली.

बाहेर आल्यावर तो बोळातच खाली बसला. सातपुत्यांची लाज वाटत होती, पण त्याहून भीती जास्त वाटत होती. ती जर तिथे होती, तर पानात कोण होते?

“तुझे चार केस दे,” तेरेजा म्हणाली.

“कशाला?”

“कुंडीला फक्त तुझं पाणी जातं. मग खूणही तुझ्यातूनच आली असणार. साधा हिशेब आहे.”

“माझ्यात कुठून येईल? प्रयोगातलं एक पानसुद्धा तिनं मला कधी चाखू दिलं नाही.”

“प्रयोग चालू असेपर्यंत नाही दिलं.” तेरेजा त्याच्याशेजारी बसली. “रसद फुटली, तेव्हा पंखे उचलायचं, नळ्या ओढायचं सगळं काम तुझ्या अंगावर पडलं. तू वाळत चालला होतास. तेव्हापासून तिच्या कुंडीतली मेथी तुझ्या थालीपिठात जायची. रोज. मला म्हणाली, त्याला सांगू नकोस, तो चार वाटण्या करायला बसेल.”

प्रभवला ते थालीपीठ आठवले. “मेथी फार झालीय, कडू लागतंय,” असे तो एकदा म्हणाला होता, आणि मागे न वळता तिने उत्तर दिले होते, “खा गपचूप.”

भारमापकाने केसांचा निकाल दिला. तेरेजाच्या केसांत आणि सातपुत्यांच्या मिशीत, कारण डोक्यावर त्यांच्या काही उरलेच नव्हते, खुणेचा नुसता मागमूस होता. प्रभवच्या केसांत ती भरपूर होती.

तो स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिला. “म्हणजे ती माझ्यात आहे.”

“तिच्यातून आलेला नायट्रोजन आहे,” तेरेजा म्हणाली. “आणि तोही कायमचा नाही. तू डाळ खातोस, त्यातला साधा नायट्रोजन आत येतो, जुना बाहेर जातो. शरीर सारखं बदलतच असतं. हळूहळू उतरेल.”

डॉक्टर म्हणून ती खरे तेच बोलली, पण ते बोलायला नको होते असे तिला नंतर फार वाटले.

दुसऱ्या दिवसापासून प्रभवने डाळ सोडली. साबुदाणा, साखर आणि तेल यांत नायट्रोजन जवळजवळ नसतोच. तेवढे खायचे आणि वर फक्त त्या कुंडीतली मेथी. बाहेरचा अणू आत घ्यायचा नाही आणि आतला बाहेर जाऊ द्यायचा नाही. कुंडी त्याने खोलीतच आणून ठेवली आणि दाराच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या. घाम पुसलेले फडकेही तो आपल्याच नळीत पिळू लागला. तळाच्या बरणीत त्याने स्वतःसाठी आणखी एक लहान बरणी केली आणि आतून झाकण लावून घेतले.

त्या खोलीत त्याला बरे वाटे, हेही खरे. मेथी नव्याने उगवत होती. एखादे रोप मातीतून वर येताना बियांचे टरफल टोपीसारखे डोक्यावर घेऊन येई आणि दोन दिवस ती टोपी काढायला विसरे. पहाटे पानांच्या कडांना पाण्याचे थेंब लागलेले असत. गिरिजा हे सगळे त्याला हाका मारून मारून दाखवत असे, तेव्हा तो “आलोच” म्हणून पंख्यातच डोके घालून बसे. आता तो तासन्‌तास पाही. पण शेवटी हात केसांकडे जाई, मग भारमापकाकडे, आणि आकडा दर वेळी थोडा उतरलेला असे.

“कुठंतरी गळतंय,” तो म्हणाला.

“गळतंय तुझं अंग,” तेरेजा कडाडली. “आरशात बघितलंस? स्नायू झिजतायत तुझे. उद्या मोठा पंखा बंद पडला तर तुला तो हलवता यायचा नाही, आणि आम्ही दोघं गुदमरून मरू. तिनं तुला थालीपीठ ह्यासाठी खाऊ घातलं?”

जेवणाच्या वेळी सातपुत्यांनी डाळीची वाटी प्रभवच्या दाराशी ठेवली. ती तशीच परत गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा ठेवली.

प्रभव गळती शोधायला निघाला. नळीचा सांधा न्‌ सांधा त्याने तपासला. एक फळी उघडली की धाप लागे, मग तो टेकून बसे आणि पुढची उघडे. सांध्यांत काही सापडले नाही. शोधत शोधत तो बोळाच्या टोकाला आला. सातपुत्यांच्या खोलीपाशी, जिथे माणसांच्या श्वासाची दमट हवा थंड भिंतीला लागते, तिथली फळी त्याने काढली आणि हात थांबला.

मागची भिंत हिरवी झाली होती.

कोणी पेरले नव्हते, कोणी पाणी घातले नव्हते. भिंतीवर जमणाऱ्या दवावर आणि फळीच्या फटीतून येणाऱ्या दिव्याच्या उजेडावर शेवाळ वाढले होते, मखमलीसारखे, बोटाला गार लागणारे. कोणाच्या बुटाला चिकटून, कोणत्या बियांबरोबर ते इतक्या लांब आले होते, कोण जाणे. अख्ख्या मंगळावर त्याच्याइतके आगंतुक दुसरे काही नसेल. प्रभव जमिनीवर बसून त्याच्याकडे पाहत राहिला. बऱ्याच वेळाने त्याच्या ध्यानात आले की एवढ्या वेळात आपल्याला दुसरे काहीच सुचले नाही, आकडासुद्धा.

मग त्याने चिमूटभर शेवाळ भारमापकात घातले. जड नायट्रोजन होता.

त्याने तेरेजाला आणि सातपुत्यांना बोलावले आणि पुन्हा केस मागितले. या वेळी दोघांचेही आकडे वाढलेले होते. तो पिण्याच्या पाण्याकडे वळला, मग सामाईक वाफ्यांतल्या पालकाकडे, मग हवा गाळणाऱ्या जाळीवरच्या धुळीकडे. सगळीकडे थोडे थोडे वाढले होते. त्याने बेरीज केली. त्याच्या शरीरातून आणि कुंडीतून जेवढे कमी झाले होते तेवढेच बाकीच्यांत भरले होते.

“नळी फुटलेली नाही,” तो सावकाश म्हणाला. “माझा श्वास, घाम, झडलेली कातडी, शुद्धीकरणात निसटणारा अमोनिया. चिकटपट्टीनं अडत नाही ते. हवेत जातं, दवात उतरतं, भिंतीवर, वाफ्यांत, तुमच्या ताटात. पण तळाच्या बाहेर जात नाही. जाऊच शकत नाही. मीच सांधे बांधलेत.”

“म्हणजे माझ्यातसुद्धा?” सातपुत्यांनी मिशीवरून हात फिरवला. “माझ्यासारख्या म्हाताऱ्यात?”

“हो, साहेब.”

ज्या भिंतींनी त्याला इतके दिवस कोंडून घातले होते, त्यांनी तिचाही एक कण बाहेर सोडला नव्हता. अडकून राहिला होता तो फक्त शीतकोष्ठातला देह. तो चादरीखाली थिजला होता, आणि त्याला तिथे प्रभवनेच अडकवून ठेवले होते.

त्या संध्याकाळी तिघांनी मिळून गिरिजाला मृदाकोष्ठात नेले. प्रभवने तिला आडवे ठेवू दिले नाही. थिजलेले अंग सैल होईपर्यंत थांबून, त्याच्या माणसांच्या रीतीप्रमाणे त्याने तिला बसवले, पाठीला भुश्याचा टेका दिला, आणि मुठीमुठीने माती तिघांनीही घातली. तेरेजाने तिच्या पद्धतीने क्रूसाची खूण केली. परतताना प्रभवने कुंडीची नळी सामाईक वाहिनीला जोडली आणि आपल्या दारावरची चिकटपट्टी ओढून काढली.

शेवाळाची खबर नियमाप्रमाणे पृथ्वीवर कळवावी लागली. उत्तर यायला वेळ लागला. तिघे जेवायला बसले होते तेव्हा ते आले, आणि सातपुत्यांनी मोठ्याने वाचले : “अनोळखी वाढ ताबडतोब खरवडून काढावी व तळातून नाहीशी करावी.”

त्यांनी चष्मा काढून दोघांकडे पाहिले.

“नाहीशी करावी,” ते म्हणाले. “अरे, पण करायची कुठं?”

प्रभवला आधी ठसका लागला, मग हसू फुटले. हसता हसता डोळे भरून आले, आणि ते पुसायला तो दाराआड गेला नाही. तेरेजाने त्याच्या पाठीवर थोपटले. जरा सावरल्यावर त्याने वाटी पुढे केली आणि सातपुत्यांकडे आणखी डाळ मागितली.