फुल चार, हाफ एक

आप्पाराव कंडक्टर निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण मोजायची खोड काही सुटली नव्हती. लग्नात पंगतीला बसले तरी आधी समोरची डोकी मोजायचे आणि मग पानाकडं बघायचे. अंबाजोगाई डेपोत चौतीस वर्षं काढली, आणि त्यात एकदाही गाडीतली माणसं आणि तिकिटं यांचा मेळ चुकला नाही, हे ते कुणी विचारलं नाही तरी सांगायचे. मोजून झाल्याशिवाय डबल बेल नाही, मग ड्रायव्हर कितीही करवादू दे. घाटनांदूरात लोक त्यांना मागून 'शिरगणती' म्हणायचे. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

यंदाच्या मे महिन्यात त्यांच्या घरात समुद्राचा विषय निघाला. नात संस्कृती दुसरी पास झाली आणि तिनं हट्ट धरला, नावेत बसायचं. मुलगा लखन, त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान, म्हणाला, रत्नागिरीला जाऊ. सून सुकन्या अंगणवाडीत शिकवायची, तिला सुट्टीच होती. तिनं कूलरसमोर बैठक मारली आणि लग्नाचा बस्ता बांधायला बसावं तशी मोबाइलवर एकेक बोट उलगडायला लागली. एकीवर गाणी होती आणि नाश्ता होता. एकीचा तळ काचेचा होता. एक साधी शिडाची होडी होती, जुनाट, तिचा फोटोसुद्धा कुणी धड काढला नव्हता.

"मामा, तुमाला कोणती आवडती?" सुकन्यानं सासऱ्याला विचारलं.

"उतरताना मोजत्यात का, ते विचार," आप्पाराव म्हणाले.

सुकन्या हसली, लखनही हसला. आप्पारावांची बायको साखराबाई मात्र हसली नाही. शेंगा फोडता फोडता तिनं नवऱ्याकडं एकदा बघितलं. त्यांना संगीता नावाची धाकटी बहीण होती आणि ती सात वर्षांची असताना पाण्यात गेली, एवढं साखराबाईला माहीत होतं. पुढचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुढचं ठाऊक असलेला माणूस एकच, आणि तो कूलरसमोर बसून बोटी बघत होता.

आप्पारावांचं मूळ गाव बोरखेडी, घाटनांदूरपासून तासाभराच्या वाटेवर. ते लहान असताना गावाच्या खालच्या अंगाला धरणाचा फुगवटा पसरला, आणि मामाचं घर, बाजार, निम्मी शेतं पाण्यापलीकडं राहिली. नाव कुठून आणायची? बंद पडलेल्या गुऱ्हाळाची काहील होती, गूळ आटवायची भली थोरली लोखंडी कढई, तीच पाण्यात सोडली. तिला दोन्ही अंगांनी लांब दोर बांधले. ज्या काठाला जायचं, त्या काठाची माणसं दोर ओढायची. आत उभा राहून तोल सांभाळायचा सुग्रीव, आणि तोच तिचा मालक, तोच कप्तान.

पुढं आप्पारावांना आयुष्यभर गाड्याच गाड्या मिळाल्या, पण त्या काहिलीची सर एकीलाही आली नाही. उन्हानं तापली की तिला गुळाचा वास यायचा. संगीता तळाशी बसून लोखंडाला जीभ लावायची आणि म्हणायची, "आप्पा, गोड हाय!" गोड कसलं असायला? पण ती म्हणाली की आप्पाही जीभ लावायचा, आणि त्याला गोड लागायचं.

सुग्रीवला आकडे येत नव्हते. त्यानं दोन्ही काठांवर एकेका दगडात नऊ खळगे कोरून ठेवले होते आणि कमरेच्या बटव्यात नऊ चिंचोके ठेवायचा. काहिलीत माणसं नऊच मावायची. चढताना प्रत्येकाच्या हातात एक चिंचोका, उतरताना परत. चिंचोके संपले की पुढच्याला जागा नाही, आणि दगडाचे खळगे भरले की सगळी उतरली. अंगठेबहाद्दर माणूस, पण पाच वर्षांत त्याची चूक झाली नव्हती.

मग तो दिवस आला. मामाच्या घरी आंबे पाडाला आले होते आणि नऊ वर्षांच्या आप्पाला घाई झाली होती. संगीता उतरेना. गोणपाट पांघरून तळाशी दडून बसली आणि म्हणाली, "मी अजून एक फेरी मारणार हाय. तू जा." आप्पानं तिच्या मुठीतला चिंचोका काढून घेतला. सुग्रीव एका म्हातारीला पाठीवर घेऊन चढ चढत होता. आप्पानं त्याच्या मोकळ्या हातात दोन्ही चिंचोके कोंबले.

"सगळी उतरली का रं?" सुग्रीवनं विचारलं.

"उतरली," आप्पा म्हणाला आणि पळत सुटला.

रिकामी काहील ओढून घ्या म्हणून सुग्रीवनं पलीकडच्या काठाला हाळी दिली. तिकडच्यांनी दोर ओढला. हलकी काहील निम्म्या पाण्यात गेल्यावर गरगरली, असं लोक सांगत होते. ती काठाला लागली तेव्हा आत फक्त गोणपाट होतं, आणि तेही कोरडं. पोरगी सापडली नाही, ना त्या दिवशी, ना पुढं कधी. सुग्रीव मोजायला चुकला, असं गावानं ठरवलं. तो एकच सांगत राहिला, "माझे खळगे भरलेते." कुणी ऐकलं नाही. त्यानं पाणी सोडलं आणि शेरडं धरली. आप्पानं त्या दिवशी भीतीनं सांगितलं नाही, पुढं लाजेनं नाही, आणि मग सांगायचं वयच निघून गेलं.

सुकन्यानं पहिला फोन गाण्यांच्या बोटीला लावला. आवाज मोठा करून मोबाइल मध्ये ठेवला.

"चार मोठी, एक लहान," ती म्हणाली.

"बरं. म्हणजे सहा," बोटवाला म्हणाला.

"पाच, दादा."

"हो का? तुमच्याकडे दोन मुली हसतायत ना, म्हणून म्हटलं."

संस्कृती आतल्या खोलीत गाढ झोपली होती. लखन म्हणाला, शेजारची असतील. शेजारचे सगळे लग्नाला परळीला गेले होते, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. आप्पारावांच्या आलं.

दुसरी काचेच्या तळाची. तिची माहिती मोबाइलवरच भरायची होती. सुकन्यानं पाच माणसं भरली. उलट निरोप आला, जॅकेट सहा, त्यात लहान दोन. "बोट लागलं असंल कुटं तरी," लखन म्हणाला आणि त्यानं स्वतः भरून बघितलं. पुन्हा सहा. आप्पारावांचा चौतीस वर्षांचा हिशेब होता, एकदा चुकतो तो माणूस, पण सगळेच एकसारखं चुकायला लागले तर ती चूक नसते.

शेवटचा फोन त्यांनी स्वतः लावला, शिडाच्या होडीला. पलीकडं कुणी म्हातारा होता, त्याच्यामागं वाऱ्याचा आवाज येत होता.

"माणसं कशी मोजता?" आप्पारावांनी आधी तेच विचारलं.

"चढताना प्रत्येकाला बिल्ला देतो. उतरताना परत घेतो. बिल्ले पुरे झाल्याशिवाय मी पुढचा दोर सोडत नाही."

इतक्या वर्षांनी, इतक्या लांब, कुणीतरी सुग्रीवसारखं मोजत होतं, आणि आप्पारावांना एकदम भरून आलं.

"तुमचीच होडी ठरली. लिवून घ्या," ते म्हणाले. "फुल चार, हाफ एक."

"हाफ दोन," म्हातारा सावकाश म्हणाला. "लहान मुलांची नावं लिहावी लागतात. एक संस्कृती, मघाशी सांगितलीत. दुसरीचं?"

आप्पारावांनी संस्कृतीचं नाव सांगितलं नव्हतं.

"संगीता," ते म्हणाले. आपण बोललो, हे त्यांना साखराबाईच्या हातातलं सूप खाली पडलं तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर ते बोरखेडीला गेले. पाणी खूप मागं हटलं होतं आणि नऊ खळग्यांचा दगड चढावर कोरडाठाक पडला होता. लहानपणी केवढा वाटायचा, आता पाट्यापेक्षा थोडा मोठा. तिथंच लिंबाखाली बाजेवर सुग्रीव बसला होता. ऐंशीच्या पुढं गेलेला, डोळे निम्मे गेलेले.

"तात्या, वळकलं का? मी आप्पा. संगीताचा भाऊ."

"वळकलं. बस."

बसून आप्पारावांनी सगळं सांगितलं. दोन चिंचोके. गोणपाट. 'उतरली' म्हणालो ते. आवाज नऊ वर्षांच्या पोरासारखा कापत होता. चुकलो होतो ते आपण, आणि पन्नास वर्षं बोल लागला या माणसाला. त्यांनी सुग्रीवच्या पायावर डोकं ठेवलं आणि ढसाढसा रडले.



"तू दोन दिलेस व्हय," सुग्रीव म्हणाला. "म्या आजवर सोतालाच येडा समजत हुतो."

त्यानं उशाखालून बटवा काढला, चाचपडत दगडापाशी गेला आणि एकेका खळग्यात एकेक चिंचोका ठेवला. नऊ खळगे भरले. त्याच्या मुठीत एक उरला.

"धा हायती," आप्पाराव म्हणाले.

"त्या दिसापासनं धा हायती."

"ह्यो कुणाचा?"

"म्हातारीला वर ठिवली. हाळी दिली, खळगे भरले. मागनं पोरगी आली. माज्या हातावर चिंचोका ठिवला. वल्ला हुता, हातबी लई गार. म्या म्हणलं, जा बाय घरी." सुग्रीवनं पाण्याकडं मान वळवली. "मंग इकडं बघितलं. काहील पार मधी गेलती."

शेरडं चरायची थांबली होती.

"मंग सांगितलं कावून न्हाई, तात्या?"

"काय सांगू? दिले नऊ अन् आले धा? खळगे भरलेते, येवढंच सांगत हुतो. तेबी कुणी ऐकलं न्हाई." त्याचा चेहरा मात्र निवळला होता. "जाऊ दे. म्या चुकलो न्हाई, आसं एकानं तरी म्हणलं."

"गावाला सांगतो, तात्या. आजच सांगतो."

आणि त्यांनी सांगितलंही. मारुतीच्या पारावर, दिवेलागणीला, जुन्या-नव्या सगळ्यांसमोर. निघताना सुग्रीवनं तो दहावा चिंचोका त्यांच्या हातात दिला.

"ह्यो तिचा. तिला फेरी मारायची हुती. घिऊन जा."

घरी येईपर्यंत आप्पारावांच्या सदऱ्याचा खिसा ओला झाला होता. त्यांना वाटलं, घाम.

ठरल्या दिवशी सकाळी नऊला सगळे अंबाजोगाईच्या स्टँडवर आले. कोल्हापूरची गाडी लागली होती, तिथून पुढं रत्नागिरी. कंडक्टर रामेश्वर हा आप्पारावांच्याच हाताखाली शिकलेला पोरगा. त्यानं वाकून नमस्कार केला आणि जागा दाखवल्या. डावीकडं दोघांची सीट, तिथं लखन आणि सुकन्या. उजवीकडं तिघांची. तिथं बाहेरच्या कडेला साखराबाई, मध्ये संस्कृती. आप्पाराव मागच्या सीटवर बसले.

संस्कृतीचं खिडकीसाठी आठ दिवस भांडण चाललं होतं. आता खिडकीची जागा रिकामी होती आणि ती शहाण्यासारखी मध्ये बसली होती.

"सरक की खिडकीकडं," साखराबाई म्हणाली.

"जागा न्हाई," संस्कृती म्हणाली.

रामेश्वर मशीन घेऊन आला. आप्पारावांनीच त्याला शिकवलं होतं, तोंडं बघू नकोस, डोकी बघ. त्यानं एक नजर फिरवली.

"फुल चार, हाफ दोन," तो म्हणाला.



आप्पारावांनी स्वतः मोजलं. लखन, सुकन्या, साखराबाई, संस्कृती, आपण. पाच. पुन्हा मोजलं, तोंडं न बघता.

सहा.

"सगळी आली का, काका?" दोरीला हात घालत रामेश्वरनं विचारलं.

पन्नास वर्षांपूर्वी असल्याच प्रश्नाला ते न बघता उत्तर देऊन पळाले होते. आता त्यांनी बघितलं. नीट, डोळे भरून.

"आली," ते म्हणाले. "सगळी आली."

डबल बेल झाली. गाडी हलली, आणि डिझेलच्या वासात हळूहळू दुसरा एक वास मिसळला, तापल्या गुळाचा.

संस्कृतीनं खिडकीकडं कान केला, कुणाचं तरी ऐकलं आणि हसली.

खिडकीचा लोखंडी गज उन्हानं तापला होता. त्याच्यावर, लहान पोरीच्या तोंडाच्या उंचीला, जिभेएवढी ओल उमटली. वाळली. पुन्हा उमटली.