चपलांच्या स्टँडवरचा हिरवा दिवा

अक्षता लिफ्टमध्ये उभ्याउभ्या झोपली होती. यात नवल काही नाही. रात्रभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासून आलेलं माणूस सकाळी जिथे टेकायला मिळेल तिथे झोपतं. करी रोडच्या त्या बावीस मजली इमारतीत तिचं घर नवव्यावर. बटण दाबायचं तेवढं राहून गेलं.

"मॅडम... तुम्हाला गच्चीवर जायचंय?"

तिने डोळे उघडले. समोर एक तरुण. खांद्यावर वायरचं वेटोळं, काखेत खोका, आणि चेहऱ्यावर तिच्याइतकीच झोप.

"नाही. नवव्यावर."

"हा बाविसावा आहे."

"मग सांगायचं ना!"

"सांगणार होतो. पण इतकी छान लागली होती... मोडवेना."

त्याचं नाव सम्यक. तो तिच्याच घरी यायचा होता, हे दोघांनाही तासाभराने कळलं.

त्याचं असं झालं होतं. सोसायटीने गच्चीवर सोलर बसवलं होतं. अडचण एवढीच, की सूर्य दुपारी कामावर असतो आणि इमारतीतली माणसंही. दुपारी वीज उरून बाहेर जायची. संध्याकाळी माणसं घरी यायची तेव्हा सूर्य घरी गेलेला असायचा. म्हणून कमिटीने ठरवलं, मीटरला एक डबी जोडायची. वर वीज उरतेय असं मीटरने सांगितलं, की डबी आपोआप घरातला गीझर नि वॉशिंग मशीन चालू करणार. आधी एका घरात करून बघायचं, आणि तेही दुपारी माणूस असलेल्या. ते अक्षताचं निघालं. ती रात्रपाळीची, आणि तिचे अप्पा मिल बंद पडल्यापासून घरीच.

अट मात्र कडक होती. सलग पंधरा दिवस नोंद हवी, एक दिवस खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. दिवाळीच्या आत जमलं नाही, तर काम दुसऱ्याला. आणि सम्यकची नोकरी कच्ची. ती कामाबरोबरच जाणार.

डबी दाराशी, चपलांच्या स्टँडवर बसली. तिच्यावर एक हिरवा दिवा.

पहिल्याच दुपारी एक दहाला नोंद तुटली आणि तीनला पुन्हा सुरू झाली. फोनवर ते दिसताच सम्यक प्रभादेवीचं काम टाकून साडेतीनला पोहोचला. डबी ठणठणीत होती. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही.

कारण अक्षताला दुसऱ्याच दिवशी दिसलं होतं. अप्पांनी जेवून हात पुसले, दाराशी गेले, डबीचं बटण बंद केलं आणि आडवे झाले. उभी हयात मिलमध्ये गेलेली. जागेवरून उठताना आपलं बटण आपण बंद करायचं, ही तिथली शिस्त. "बघूक कोण नाय, मगे दिवो कित्याक जळता?" असं पुटपुटत. तीनला उठले, की चहाच्या आधी पुन्हा चालू.

हे ती सम्यकला सांगणारच होती. पण तेवढ्यात बेल वाजली, आणि तो दारात उभा... घामेजलेला, दमलेला, केसांत कुठल्यातरी गच्चीची धूळ. तिने पाणी दिलं. सांगायचं राहिलं.

मग ते रोजच राहत गेलं. तो यायचा, डबी उघडायचा, लावायचा, आणि "जरा रीडिंग बघतो," म्हणून मशीनजवळच्या खुर्चीत बसायचा. पाच मिनिटांत मान कलायची.

"तुम्ही काम करता की झोपता?"

"रीडिंग घेतोय."

"डोळे मिटून?"

"बारीक रीडिंग आहे, मॅडम."

ती हसायची आणि समोरच्या दिवाणावर पाय पोटाशी घेऊन बसायची. मग तिचीही मान. प्रेमात माणसाची झोप उडते म्हणतात. इथे दोघांनाही कित्येक महिन्यांत लागली नव्हती तशी लागत होती.

एके दुपारी त्याचा फोन वाजला. साहेबांचा आवाज दिवाणापर्यंत आला. "दिवाळीला सोळा दिवस राहिले. उद्यापासून सलग नोंद नाही आली, तर तू पण यायचं नाहीस!"

तो डबीकडे बघून नुसता हसला — दमलेलं हसू.

दुसऱ्या दिवशी अक्षताने लॅबमधली पांढरी चिकटपट्टी आणली आणि हिरव्या दिव्यावर चिकटवली. एक दहाला अप्पा दाराशी गेले. दिवा दिसेना, म्हणजे बंदच. समाधानाने आडवे झाले. तीनला उठले, तेव्हा "मी चालू केलंय," असं अक्षताने सांगून टाकलं.

नोंद तुटली नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. दोन वाजता पाणी आपोआप तापत होतं, कपडे आपोआप धुऊन निघत होते. घरात सगळं वेळेवर होत होतं, आणि बेल वाजत नव्हती.

पंधरा दिवस पुरे झाल्यावर तो सही घ्यायला आला. त्याने चिकटपट्टी पाहिली. मग तिच्याकडे पाहिलं.

"सोमवारपासून पनवेलला... नवी साइट."

"अरे वा."

"येतो मग."

"या."

सोमवारी एक दहाला नोंद तुटली. साडेतीनला बेल वाजली. पनवेलहून करी रोडपर्यंत आल्यावर माणूस जसा दिसतो, तसाच तो दिसत होता.

"अप्पा, बटण बंद केलंत?" त्याने विचारलं.

"मी? मी कित्याक करू? दिवोच दिसना नाय!" म्हणत अप्पा चहा ठेवायला आत गेले.

"मी केलं," अक्षता म्हणाली.

"का, मॅडम?"

"अक्षता."

"...का, अक्षता?"

तिने खुर्चीकडे बोट दाखवलं. "रिकामी असते. झोप येत नाही."

त्याने चपलांच्या स्टँडकडे पाहिलं. "मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. एक दहा ते तीन. वायर काय घड्याळ बघून तुटते?"

"मग बोलला का नाहीस? नोकरी गेली असती ना, वेड्या!"

"तू का नाही बोललीस?"

तिने चिकटपट्टी ओढून काढली आणि बटण दाबलं. "मला रविवारी सुट्टी असते," ती म्हणाली.

"मलाही," तो म्हणाला, आणि खुर्चीत बसला. "आज जरा... रीडिंग बघून जातो."

अप्पा चहा घेऊन बाहेर आले, तेव्हा खुर्चीत एक मान कलली होती, दिवाणावर दुसरी. दाराशी हिरवा दिवा जळत होता आणि बघायला कोणी नव्हतं. सवयीने त्यांचा हात बटणाकडे गेला. तिथेच थांबला.

"जळांदे," अप्पा म्हणाले, आणि तिन्ही चहा एकट्याने पिऊन टाकले.